दोन टाक्या

रात्री दीडला सराफ्यात शेवटची कढई उतरते
तेव्हा दिगूमामा दुकानाच्या मागल्या दाराशी
दोन रिकामे डबे घेऊन उभा असतो.
गेंदालाल नीमा झारा पुसत म्हणतो, "लो भिया, आज का माल."
दाट, काळं, चार-चारदा तळून दमलेलं सोयाबीनचं तेल,
तळाला पिठाची जळकी रेती
आणि एखादी अख्खी मिरची, चुकून वाचलेली.

दिवसा इथली धूळ झाडून लोक सोन्याचे कण काढतात, मामी म्हणते,
आणि हा अर्ध्या रात्री जाऊन खरकटं आणतो.

आधी त्यानं तेलालाच बदलून पाहिलं.
लोकमान्यनगरच्या गच्चीवर पिंप, कॉस्टिक, मिथेनॉल,
डोळ्यावर माझा पोहण्याचा चष्मा.
पहिल्या घाण्याचा साबण झाला.
दुसऱ्याचाही.
वर्षभर आम्ही त्यानं भांडी घासली,
आणि भांड्यांना कायम कचोरीचा वास.
मग म्हणाला, तेल ऐकत नाही,
आता इंजिनाची समजूत काढू.

अठ्ठ्याऐंशी सालची मॅटाडोर.
मागचं बाकडं काढून तिथं दुसरी टाकी,
टाकीत तांब्याच्या नळीचं वेटोळं,
त्यातून रेडिएटरचं गरम पाणी फिरतं,
म्हणजे तेल पातळ होतं, म्हणजे नोझलला घास गिळता येतो.
सियागंजातून आणलेला एक पितळी कॉक,
त्यावर मामीच्या नेलपॉलिशचे दोन ठिपके:
लाल म्हणजे डिझेल, गुलाबी म्हणजे सराफा.
गाळणी म्हणून माझ्या जीन्सचा डावा पाय,
खालून शिवलेला.

नियम एकच, पण तो मोडायचा नाही:
सकाळी डिझेलवर सुरू करायची,
काटा मधोमध आला की कॉक फिरवायचा,
आणि घर दोन किलोमीटरवर राहिलं
की परत डिझेल.
नळ्या धुवून मगच झोपू द्यायचं तिला.

महूच्या रस्त्यावर मागच्या स्कूटरवाल्यांना भूक लागते.
कुत्री धावतात, पण भुंकत नाहीत.

पौषात एकदा नीमाच्या पोरानं डब्यात डालडा मिसळला
आणि त्याच रात्री मामा कॉक फिरवायला विसरला.
मामीशी फोनवर भांडत होता, हिंदीतून.
(भांडण वाढलं की ती दोघं हिंदीत जातात,
मराठीत पुरेशा शिव्या येत नाहीत म्हणून.)
सकाळी नळ्यांत तूप.
पांढरं, गच्च, लग्नाच्या पंगतीतलं.
मी बॉनेटवर वाकून
दीड तास हेअर ड्रायर धरून उभी,
एक्स्टेंशनची वायर तिसऱ्या मजल्यावरून सोडलेली,
मामा खाली आडवा, नुसते पाय दिसतायत,
आणि पायांकडून आवाज, "थोडं डावीकडे. अजून. घाई नको."

तिथं उभ्या उभ्या मला सुचलं
की आम्ही सगळेच असे आहोत.
चहा मराठीत, आंघोळीची आरडाओरड मराठीत,
गल्लीच्या तोंडाशी तापलो की फिरतो कॉक,
आणि मग दिवसभर देवासच्या कारखान्यात
माझी हिंदी अशी पळते, की कुणी विचारतही नाही.
फक्त परतताना, बसमध्ये,
कधी कधी फिरवायचं राहून जातं.
दुसऱ्या दिवशी साधा "विळी" शब्द आठवायला
डब्याचं झाकण लावेपर्यंत वेळ लागतो.

मामाला हे सांगितलं.
तो गाडीखालून सरकत बाहेर आला,
कपाळावर डालड्याचा टिळा,
म्हणाला, भाषेचं मला ठाऊक नाही,
फिल्टर बदलायला झालाय.

पण परवा रात्री मी बरोबर होते.
नीमाशी अर्धा तास त्याचं "अपन तो" नि "क्या केरिया" चाललेलं,
नंतर मॅटाडोरमध्ये बराच वेळ गप्प.
वळणाआधी हात खाली गेला,
पितळ किंचित कुरकुरलं,
आणि माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं,
"जेवलीस का गं?"